४३ वजा १७ बरोबर ३४: ही चूक येते कुठून?

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. संध्याकाळी मी रोज तासभर तिला घेऊन बसतो. वर्कशीट छापून आणतो, रोज तीस वजाबाक्या करून घेतो. तरी ४३ − १७ चं उत्तर ती ३४ लिहिते आणि ५२ − ३८ चं २६. समजावून सांगितलं की पुढची दोन गणितं बरोबर येतात, तिसऱ्याला पुन्हा तेच. 'त्रेपन्न' म्हटलं की कधीकधी ३५ लिहून मोकळी होते. पाढे मात्र घडाघडा म्हणते. वाचताना एकेक अक्षर लावत बसते, जोडाक्षर आलं की अडते, आणि पान संपल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही. शेवटी मी चिडतो आणि ती रडते. कोणतं वर्कबुक घेऊ? वेळ वाढवू का? रविवारी करण्यासारखा एखादा प्रयोगही सुचवा. — एक बाबा

नमस्कार,

वर्कबुक घेऊ नका आणि वेळही वाढवू नका. तासाची वीस मिनिटं करा आणि पहिला आठवडा वजाबाकीसाठी कागद-पेन्सिल हातात घेऊच नका. अभ्यास मागे पडेल अशी धास्ती वाटेल, पण आत्ता तो कागदावरच अडकलाय.

तुम्ही दोन चुकीची उत्तरं जशीच्या तशी लिहून पाठवलीत, हे फार बरं केलंत. ४३ − १७ मध्ये एककाच्या घरात ३ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून ३ वजा केले: ४. दशकात ४ मधून १ गेला: ३. झाले ३४. आता ५२ − ३८ बघा: ८ मधून २ गेले ६, ५ मधून ३ गेले २, म्हणजे २६. दोन्हीकडे एकच नियम आहे: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हे. तिच्यापुरता तिने एक नियम बसवलाय आणि तो ती इमानदारीने पाळते. 'लहानातून मोठा जात नाही' हे वाक्य मुलांनी आधी कुठेतरी ऐकलेलं असतं, त्यातून हा नियम तयार होतो. तीस वजाबाक्या करून घेतल्या की चुकीचाच नियम तीस वेळा घोटला जातो. समजावल्यावर पुढची दोन बरोबर येतात, कारण तुमच्या हाताची शेवटची हालचाल तिच्या डोळ्यांसमोर ताजी असते. ती पुसली की जुना नियम परत येतो.

तिला ४३ हे चार आणि तीन असे दोन सुटे अंक दिसतात. चार दशक आणि तीन एकक दिसायला लागले की ही चूक तिची तिलाच खटकेल. ते दाखवायला काड्या लागतात.

साधारण १२० काड्या जमवा. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या चालतील, खराट्याच्या बोटभर तोडलेल्याही चालतील, फक्त टोकं टोचणारी नकोत. सोबत पंधरा रबरबँड. एका कोऱ्या कागदाला मधोमध घडी घाला. डावीकडे 'दशक', उजवीकडे 'एकक' लिहा. हा झाला पट. दहा काड्या मोजून गठ्ठा बांधायचं काम तिच्याच हातून होऊ द्या. तुम्ही आधीच बांधून ठेवलेत तर गठ्ठ्यात दहा आहेत यावर तिला विश्वास ठेवावा लागेल, आणि आत्ता तिला विश्वासाची नाही, खात्रीची गरज आहे. पहिले दोन दिवस वजाबाकी नाहीच. तुम्ही संख्या सांगा, तिने गठ्ठे आणि सुट्या मांडाव्यात. मग उलट करा: तुम्ही मांडा, तिने ओळखावं. मांडताना मुद्दाम एखाद्या वेळी एककाच्या घरात बारा सुट्या ठेवा आणि ती स्वतःहून गठ्ठा बांधते का ते बघा. नाण्यांनी सुरुवात करू नका. दहाच्या नाण्यात दहा दिसत नाहीत आणि ते सोडवताही येत नाही. प्लॅस्टिकच्या अखंड पट्ट्यांचीही तीच अडचण.

तिसऱ्या दिवशी ४३ − १७ घ्या. पटावर फक्त ४३ मांडायचे: चार गठ्ठे, तीन सुट्या. इथे पहिला घोळ होतो. पुष्कळ मुलं ४३ मांडतात आणि खाली १७ सुद्धा मांडतात, मग साठ काड्यांसमोर गोंधळून बसतात. १७ मांडायचे नाहीत, ते ४३ मधूनच द्यायचे आहेत. म्हणून 'वजा कर' म्हणू नका. हात पुढे करा आणि म्हणा, "मला यातल्या सतरा काड्या दे."

ती बहुधा आधी एक गठ्ठा उचलून देईल. देऊ द्या. वजाबाकी एककापासूनच सुरू करायची हा लिहिण्याच्या सोयीचा नियम आहे, काड्यांना तो लागू नाही. आता पटावर तीन गठ्ठे, तीन सुट्या. "अजून सात हव्यात." ती तीन सुट्या देईल आणि थांबेल. या क्षणी तुम्ही गप्प बसायचं. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. घरच्या अभ्यासात सगळ्यात जास्त नुकसान याच जागी होतं, कारण मोठ्यांना ती शांतता सहन होत नाही. तिचा हात गठ्ठ्याकडे जाईल. "हा सोडू?" असं विचारलं तर "सोडून बघ" एवढंच म्हणा. रबर काढून डब्यात टाकायचा, दहा काड्या एककाच्या घरात सरकवायच्या आणि त्यातल्या चार तुम्हाला द्यायच्या. उरले दोन गठ्ठे आणि सहा सुट्या. सव्वीस.

रबर डब्यात टाकणं आणि काड्या रेषेपलीकडे सरकवणं या दोन्ही गोष्टी काटेकोर ठेवा. गठ्ठा सोडून काड्या दशकाच्याच घरात पसरून ठेवल्या, तर पुढे कागदावर दशकाचा ४ चा ३ करायला ती हमखास विसरते. नंतर तिने तुम्हाला दिलेल्या सतरा काड्या परत पटावर ठेवायला सांगा. ४३ झाले का? तिचं जुनं उत्तर ३४ सुद्धा असंच तपासा: ३४ आणि १७ एकत्र केले तर ५१ होतात, आपल्याकडे तर ४३ च होते. आणखी एक प्रश्न विचारून ठेवा: "४३ मधून दहाच काढले तर किती उरतील?" ३३. "मग सतरा काढून ३४ कसे उरतील?" हा प्रश्न हसत विचारायचा. कोर्टातल्या उलटतपासणीसारखा नाही.

पहिला आठवडा फक्त काड्या. रोज चार गणितं पुरेत. त्यातलं एक असं द्या ज्यात गठ्ठा सोडावा लागत नाही (जसं ४८ − २५), नाहीतर गरज नसतानाही गठ्ठा सोडायची सवय लागते. दुसऱ्या आठवड्यात काड्यांसोबत लिहिणं. एक हालचाल झाली की तेवढंच लिहायचं. गठ्ठा सोडला की लगेच ४ खोडून वर ३, आणि ३ च्या जागी १३. आता मात्र सुरुवात एककापासून करा आणि कारण सांगा: दशकापासून सुरू केलं तर लिहिलेलं पुन्हा खोडावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात काड्या डब्यात. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी ठिपका, असं चित्र काढून सोडवायचं. चौथ्या आठवड्यात नुसते अंक, पण काड्यांचा डबा हाताशी. तिला हवा तर तिने उघडावा. ६० − २४ सारखं शून्याचं गणित याच आठवड्यात आणा. तिथे ती ० − ४ चं उत्तर ४ लिहिते की थांबते, यावरून जुना नियम गेला की नाही ते कळेल. ४४ लिहिलं तर दोन दिवस चित्रांकडे परत जा. ३०४ − १२६ सारखी गणितं अजून दूर आहेत, कारण तिथे दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा आधी सोडावा लागतो.

जाता जाता शब्दाबद्दल. 'शेजारून दशक उसना घे' असं आपण सर्रास म्हणतो. एखादं मूल विचारतं, उसना घेतला तर परत कधी करायचा? प्रश्न रास्त आहे. इथे कुणी कुणाचं काही उसनं घेत नाही, आपलाच गठ्ठा आपण सोडतो. 'दशक सुटा केला' म्हणा.

गठ्ठा सोडल्यावर समोर १३ − ७ येतं, आणि इथे दुसरी एक चूक दबा धरून असते. मुलं बोटांवर उलटं मोजतात: तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ, आठ, सात, सात बोटं झाली, म्हणून उत्तर सात. तेरा हा आकडा स्वतःच एक बोट खाऊन जातो. बोटांना बंदी घालून उपयोग नाही, दहाच्या जोड्या पक्क्या करायला हव्यात. दहा बटणं घ्या. तिने डोळे मिटायचे, तुम्ही काही मुठीत लपवायची, उरलेली बघून तिने मुठीतली ओळखायची. चार दिसतात, मुठीत सहा. मग अदलाबदल: तिने लपवायची, तुम्ही ओळखायची, आणि मधून एखादं चुकवायचंही. रोज तीन मिनिटं. दोन आठवड्यांत न मोजता उत्तरं येऊ लागली की १३ − ७ असं करता येतं: आधी तीन काढून दहावर या, मग उरलेले चार काढा. सहा.

आता त्रेपन्न. हा दोष तिचा कमी आणि आपल्या भाषेचा जास्त. त्रेपन्न म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास, पण लिहिताना आधी ५ लिहायचे असतात. ऐकल्या क्रमाने लिहिलं की ३५ होतात. शिवाय एकोणपन्नास म्हणताना पन्नास ऐकू येतं आणि लिहायचं असतं चाळिसाच्या घरातलं. हा एकोणचा नियम १९ पासून ८९ पर्यंत चालतो आणि ९९ ला येऊन मोडतो, तिथे नव्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा मोठा वाद झाला. आमचं मत विचाराल तर त्रेपन्न, चौसष्ट हे शब्द मुलांना यायलाच हवेत, पण कुबडी म्हणून 'पन्नास तीन' घरी बिनधास्त वापरा.

त्यासाठी पट्ट्या करा. जाड कागदाच्या, आठ सेंटिमीटर लांब आणि पाच रुंद अशा नऊ पट्ट्यांवर १० पासून ९० पर्यंतचे दशक लिहा. अंक असा लिहा की शून्य बरोबर उजव्या अर्ध्या भागात येईल. चार बाय पाचच्या नऊ तुकड्यांवर १ ते ९. आता ५० च्या पट्टीवरच्या शून्यावर ३ चा तुकडा ठेवला की ५३ दिसतात, उचलला की खाली ५० शाबूत. तुम्ही 'त्रेपन्न' म्हणा. तिने शब्द संपेपर्यंत थांबायचं, मग "कुणाचं घर?" याचं उत्तर द्यायचं: पन्नासचं. आधी ती पट्टी, मग तुकडा, मग मोठ्याने 'पन्नास तीन, त्रेपन्न'. घोळ घालणाऱ्या जोड्याच जास्त घ्या: ३५ आणि ५३, ३६ आणि ६३, ४६ आणि ६४. एकोणच्या संख्या वेगळ्या दिवशी, ६० ची पट्टी हातात घेऊन: "साठला एक कमी, मग घर कुणाचं?" साठ आणि सात ऐकण्यातही सारखे वाटतात, म्हणून सांगताना तुमचा उच्चार स्वच्छ ठेवा. शाळेत देवनागरी अंक वापरत असतील तर घरीही तेच ठेवा. दोन्ही लिप्यांचे अंक एकाच पानावर आले की देवनागरी चार आणि इंग्रजी आठ एकमेकांत मिसळतात.

पाढे घडाघडा येतात म्हणालात, म्हणून आज एक करून बघा. मधूनच विचारा, "सात आठे?" ती 'सात एके सात' पासून धावत निघाली तर तिला पाढ्याची चाल येते, पाढा अजून यायचाय. काम वाटतं तेवढं मोठं नाही. १ ते १० च्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. सात आठे आणि आठ साती एकच, हे पटलं की उरतात ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे बाजूला काढले की खरे अवघड फक्त २१. ते २१ गुणाकार चिठ्ठ्यांवर लिहा आणि एकदा विचारून तीन ढीग करा: लगेच आलेले, अडखळत आलेले, न आलेले. दुसऱ्या-तिसऱ्या ढिगातल्या रोज तीनच चिठ्ठ्या घ्यायच्या. न येणारा गुणाकार चौकटीच्या वहीत आखायचा. सात बाय आठचा आयत काढून त्यात पाच ओळींनंतर रेघ मारली की वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न.

वाचनाकडे वळू. त्यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. एकेक अक्षर लावण्यातच तिची सगळी शक्ती खर्च होते, म्हणून अर्थ हाती लागत नाही. त्यामुळे आधी मजकूर सोपा करा. शंभर शब्दांत पाचापेक्षा जास्त शब्दांना ती अडली, तर तो मजकूर सध्या तिच्यासाठी नाही, मग तो तिच्याच इयत्तेच्या पुस्तकातला का असेना. साठ ते ऐंशी शब्दांचा एक उतारा तीन दिवस पुरवायचा. पहिल्या दिवशी तुम्ही शब्दांखालून बोट फिरवत वाचा, मग दोघांनी एकत्र. दुसऱ्या दिवशी एक वाक्य तुम्ही, एक ती. तिसऱ्या दिवशी तिने एकटीने, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी वाचून दाखवायचं. तोच उतारा पुन्हा वाचला तर पाठ होईल, अशी शंका येते. थोडा होतो, आणि सुरुवातीला हवाही असतो, कारण आपलं वाचन सरळ कसं वाटतं ते तिने कधी ऐकलेलंच नाही. फक्त ती छताकडे बघून म्हणू लागली की उतारा बदला.

अडली की पाच सेकंद थांबा. आलं नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे जाऊ द्या. 'काना कुठे आहे, मात्रा बघ' ही तपासणी वाचन चालू असताना नको, तोवर वाक्याची सुरुवात तिच्या डोक्यातून निसटलेली असते. अडलेले शब्द कोपऱ्यात टिपून ठेवा आणि नंतर बघा की त्यांत काही सारखेपणा आहे का. बऱ्याचदा असतो, आणि बऱ्याचदा तो 'र' चा असतो. 'वर्ग' या शब्दात रफार बसतो ग च्या डोक्यावर, पण उच्चारायचा ग च्या आधी. डोळ्यांनी दिसलेल्या क्रमाने वाचणारं मूल 'वग्र' म्हणतं, आणि ते त्याच्या परीने बरोबरच असतं. ऱ्हस्व वेलांटीचंही असंच. 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते आणि नंतर बोलली जाते.

म्हणून एका आठवड्यात एकच ठेवण घ्या. रफाराचे पाच शब्द: वर्ग, मार्ग, सर्प, गर्दी, पर्वत. पुढच्या आठवड्यात पायातला र: पत्र, मित्र, चक्र, ग्रह, प्रकाश. त्यानंतर ट्रक, ड्रम, राष्ट्र. सगळ्यात शेवटी दर्या आणि दऱ्या: एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हा फरक मोठ्यांच्याही हातून सुटतो, तेव्हा घाई नको. प्रत्येक शब्द पट्टीवर मोठा लिहा आणि वर दुसरा कोरा कागद ठेवून डावीकडून हळूहळू सरकवा. रफाराच्या शब्दात 'व' उघडल्यावर थांबा, 'र्ग' एकदम उघडा. अर्धं जोडाक्षर दाखवू नका.

समजलं का हे तपासायला 'काय वाचलंस सांग' हा प्रश्न कुचकामी आहे. इतका मोठा प्रश्न विचारला की मुलं गप्प होतात. त्यापेक्षा वाचून काहीतरी करावं लागेल असं लिहा. आठवड्यातून दोनदा घरात पाच चिठ्ठ्या लपवा, प्रत्येकीत सहा ते दहा शब्दांची सूचना आणि पुढच्या चिठ्ठीचा पत्ता. "दारामागे टांगलेल्या छत्रीच्या आत बघ." "तिसऱ्या कप्प्यातल्या सर्वांत जाड पुस्तकाखाली शोध." त्या आठवड्याची जोडाक्षरं यांतच घाला. चुकीच्या जागी शोधायला लागली तर 'पुन्हा वाच' एवढंच म्हणायचं. शेवटच्या चिठ्ठीत बक्षीस वस्तूचं नको, नाहीतर चौथ्या दिवसापासून सौदा सुरू होतो. 'आज झोपताना गोष्ट तू निवडायची' पुरतं. पुढच्या आठवड्यात तिने चिठ्ठ्या लिहायच्या आणि तुम्ही शोधायच्या. लिहिण्याचा सराव त्यातच होतो, आणि चिठ्ठीतलं शुद्धलेखन अजिबात सुधारू नका. तिच्या लिहिण्याने तुम्ही भलतीकडे गेलात की ती स्वतःच येऊन दुरुस्त करेल.

वीस मिनिटांची वाटणी अशी: तीन मिनिटं बटणं, सात मिनिटं काड्या किंवा पट्ट्या, दहा मिनिटं वाचन. आठवड्यातले पाच दिवस, शक्यतो एकाच वेळी, आणि शाळेतून आल्या आल्या नको. तिला अजून करायचं असलं तरी घड्याळ वाजलं की थांबा. पाढ्यांच्या तीन चिठ्ठ्या जाता-येता विचारायच्या, त्यांना बैठक लागत नाही. तुम्हाला चीड येतेय असं वाटलं तर त्या दिवशी फक्त तुम्ही तिला वाचून दाखवा. तो दिवसही धरायचा.

रविवारसाठी दोलक करा. बळकट दोरा, दोन सारख्या किल्ल्या किंवा नट, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. टेबलाच्या कडेला पेन्सिल अशी चिकटवा की तिचं टोक बाहेर येईल, आणि त्याला दोरा बांधून किल्ली लटकवा. बांधलेल्या जागेपासून किल्लीच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर हवेत. मोजताना बघा, पट्टी शून्यापासून लावते की एकपासून. ही चूक फार सर्रास होते. तसं झालं तर पट्टीवर ३ पासून ९ पर्यंत एक काडी ठेवून 'ही किती लांब?' विचारा. नऊ किंवा सात असं उत्तर आलं, तर प्रयोग थांबवून दहा मिनिटं मोजपट्टीलाच द्या.

किल्ली तीन-चार बोटं बाजूला ओढून सोडायची, ढकलायची नाही. जाऊन परत आली की एक हेलकावा. सोडताना 'शून्य' म्हणायचं. 'एक' म्हणून सोडलं की एक हेलकावा कमी पडतो. दहा हेलकाव्यांना साधारण दहा सेकंद लागतील. तीनदा मोजून वहीत लिहा. आता दुसरी किल्ली लावण्याआधी तिचा अंदाज लिहून घ्या: जड झाल्यावर वेग वाढेल की कमी होईल? मग लावून मोजा. वेळ तेवढाच येईल. दुसरी किल्ली पहिलीच्या शेजारी हवी, खाली लटकवली तर दोलकाची लांबी वाढते आणि वेळ बदलतो. शेवटी दोरा एक मीटर करा, म्हणजे चौपट. तो टेबलाच्या उंचीत मावणार नाही, दाराच्या चौकटीला चिकटवा. दहा हेलकाव्यांना सुमारे वीस सेकंद लागतील. लांबी चौपट झाली तरी वेळ दुप्पटच का, हे समजावत बसू नका. तिला मधल्या लांब्या करून बघू दे.

एक सावधगिरी. दोन-तीन महिने हे नियमित करूनही वाचन जागचं हललं नाही, अक्षरं ओळखण्यातच गोंधळ राहिला किंवा फळ्यावरचं उतरवताना शब्द गळू लागले, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. सहा-सात वर्षांपर्यंत अंक उलटे लिहिणं नेहमीचं असतं, पण आठव्या वर्षानंतर ते सारखं होत राहिलं तर नोंद ठेवा. तुमच्या पत्रातल्या चुकांवरून मात्र आत्ताच घाबरण्याचं कारण दिसत नाही.

छापून ठेवलेल्या वर्कशीटचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. चौथ्या आठवड्यात त्यातली रोज चार-पाच गणितं तिलाच निवडू द्या, पूर्ण पान करायचं नाही. बाकीच्यांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत. मधोमध घडी घाला, दशक-एकक लिहा, आणि काड्यांखाली पसरा.